कोकणातील महामार्ग : स्थानिक इतिहास आणि आख्यायिका

पनवेल ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ६६ (पूर्वीचा क्र. १७) किनाऱ्याचा मार्ग म्हणून ओळखला जातो. तथापि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत तो समुद्रापासून बराच आत, खाड्यांच्या वरच्या टोकांजवळून जातो. महाड, चिपळूण व संगमेश्वर ही त्यावरील गावे महामार्गामुळे वसलेली नाहीत. भरतीच्या पाण्याबरोबर होड्या जिथवर येत आणि घाटावरचा माल जिथे उतरे, तेथे ती वाढली. येथील स्मृतींची दिशा म्हणूनच उत्तर-दक्षिण नसून पूर्व-पश्चिम आहे.

महाडजवळ सावित्री-गांधारीच्या खोऱ्यात गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याचा उल्लेख येतो. एवढा आश्रय या वाटेवरील वर्दळीचा निदर्शक ठरतो.

चिपळूणजवळील परशुराम क्षेत्राची आख्यायिका सांगते, की परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटविला व कोकणभूमी निर्माण केली. हा भूशास्त्रीय पुरावा नव्हे. वसाहतीला पावित्र्य देणारी ती लोकस्मृती होय. याच देवस्थानावर १७२७ मध्ये अंजनवेलच्या सिद्दी सातने हल्ला केला. त्यानंतर ब्रह्मेंद्रस्वामी घाटावर, साताऱ्याजवळील धावडशीस गेले. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सातास ठार केले. येथे आख्यायिका व इतिहास एकाच स्थळी असले, तरी त्यांची प्रमाणे भिन्न आहेत.

संगमेश्वराजवळील कसबा येथील कर्णेश्वर मंदिराचा संबंध परंपरा कर्ण नावाच्या राजाशी जोडते. फेब्रुवारी १६८९ मध्ये येथेच छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले. मुकर्रबखान कोल्हापूरकडून सह्याद्री उतरून आला होता. घाटवाटेचे महत्त्व याहून स्पष्ट होणे कठीण.

महाडजवळ सावित्रीवरील १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला व जीवितहानी झाली. ५ जून २०१७ रोजी नवा पूल खुला झाला. रस्ता असा पुन्हा बांधता येतो. पुलापूर्वी तर कोठे होती, बाजार कोणत्या वाटेने भरे, ही माहिती मात्र वृद्धांबरोबर लोपते. चौपदरीकरणात जुनी वळणे, वृक्ष व पार नाहीसे होत असताना तिची नोंद निकडीची ठरते.

ही नोंद मैलाच्या दगडांच्या क्रमाने न करता खाडी, गाव व घाट या साखळीने व्हावी. दंतकथा, लेख आणि दप्तर यांची प्रतवारी स्वतंत्र ठेवावी. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व मराठी विभागांनी हे कार्य संयुक्तपणे हाती घेणे उचित ठरेल.