पावसात की पाव सात? शब्द तोडा, कविता जोडा



या दोन ओळी जरा मोठ्याने वाचा:

बाबा निघाले पावसात,
पिशवीत होते पाव सात.

दोन्ही ओळींचा शेवट कानाला सारखाच लागतो, अर्थ मात्र पार बदलतो. फरक फक्त एका मोकळ्या जागेचा! यावर इयत्ता चौथी ते सातवीच्या मुलांसाठी छान खेळ होतो. खडू-फळा एवढंच साहित्य पुरतं.

प्रकार जुनाच आहे. तीच अक्षरं ठरावीक ठिकाणी वेगळ्या अर्थाने पुन्हा आली की यमक होतं. एकदाच आलेला शब्द फोडून दुसरा अर्थ निघाला, तर तो सभंग श्लेष. पंडित कवींना याची भारी हौस. वामन पंडितांना तर 'यमक्या वामन' असं नावच पडलं होतं. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्याही यमकांसाठी प्रसिद्ध आहेत.

खेळ कसा घ्यायचा?

१. फळ्यावर चार शब्द लिहा: गारवा, सरकार, करतो, वाचते.
२. मुलांनी ते मोठ्याने म्हणायचे आणि कुठे तुटतात ते शोधायचं: गार, वा! / सर, कार / कर तो / वाच ते.
३. गटाने दोन ओळी रचायच्या. एकीत अखंड शब्द, दुसरीत तोडलेला.
४. एका गटाने ओळी फक्त वाचायच्या, दुसऱ्या गटाने ऐकून लिहायच्या. जागा बरोबर सोडली की गुण.

नमुन्यादाखल:

सरबत प्यायलो – गार, वा!
पोटात पसरला गारवा.

दादा म्हणतो, "नंतर करतो."
आई म्हणते, "आत्ता कर तो!"

दुसऱ्या नमुन्यावर थोडं थांबा. 'करतो'मधला 'तो' प्रत्यय आहे, 'कर तो'मधला 'तो' सर्वनाम. 'तो' कोण, असं विचारलं की मुलं म्हणतात, "अभ्यास!" मग पुस्तक असेल तर? "वाच ते!" धातू, प्रत्यय, सर्वनाम, लिंग असं सगळं इथे बोलता बोलता येऊन जातं.

एक नियम मात्र पक्का ठेवा: कानाला जुळलं तरच जोडी खरी. 'काकडी' आणि 'का कडी?' कागदावर सारखे दिसतात, पण आपण म्हणतो 'काक्डी'; म्हणून ही जोडी बाद. उलट 'दिन' आणि 'दीन' लिहायला वेगळे, पण बोलताना बहुधा सारखेच, म्हणून ती जोडी चालेल. अक्षर आणि उच्चार नेहमी हातात हात घालून चालत नाहीत, हे मुलांना इथेच उमगतं.

ओळी जुळल्या पण अर्थ लागेना, तर विचारा, "याचं चित्र काढता येईल का?" पावसातले बाबा आणि सात पाव लगेच काढता येतात. चित्र निघालं नाही तर ओळ बदलायची.

आता मुख्य मुद्दा. मुलं 'आई ने', 'घरा मध्ये' असं तोडून लिहितात, कधी दोन शब्द चिकटवतात. आपण लाल गोल करतो. पण बोलताना शब्दांमध्ये जागा नसतेच! शुद्धलेखनात 'पाव सात' लिहिणाऱ्या मुलाचा कान बरोबरच असतो. शब्द कुठे संपतो हे अर्थावरून ठरतं, एवढंच त्याला अजून समजायचं असतं. लाल गोल चूक दाखवतो, कारण सांगत नाही. सात पावांवर हसलेल्या मुलाला ते कारण आपोआप कळतं.

पालकहो, हा खेळ प्रवासात तोंडीही खेळता येतो. परदेशात वाढणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या मुलांनाही तो जमेल, कारण सुरुवात कानापासूनच आहे.

आता 'सरकार'वर दोन ओळी तुम्हीच मुलांसोबत करून बघा!