जुहूचे जुने विमानतळ

परवा ताडकळसच्या एस. टी. थांब्यावर एका गुरुजींची गाठ पडली. शाळेची सहल मुंबईला न्यायचे त्यांच्या मनात होते. म्हणाले, "सर, मुलांना गिरगावची चौपाटी दाखवतो. राइट बंधूंच्या आधी आपल्या तळपद्यांनी तिथंच विमान उडवलं ना?"

मी म्हटले, "चौपाटी जरूर दाखवा, पण हे वाक्य जरा जपून बोला." शिवकर बापूजी तळपदे हे खटपटे विद्वान होते. १८९५ साली त्यांचे विमान उडाले असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. त्या वेळचा भक्कम पुरावा मात्र हाती लागत नाही. या गोष्टीबरोबर 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचेही नाव नेहमी निघते. तो ग्रंथ १९७४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी तपासला. त्यातली विमाने उडूच शकणार नाहीत, आणि ग्रंथही विसाव्या शतकातलाच, असे त्यांना आढळले. वर्गात गुरुजी जे बोलतात ते मुले जन्मभर खरे धरतात, म्हणून एवढे सांगितले.

मग मुलांना न्यायचे कुठे? जुहूला!

त्या काळी विलायतेची हवाई टपाल कराचीपर्यंत येई आणि पुढे आगगाडीने रखडत जाई. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने ती पुढेही विमानानेच नेण्याची कल्पना मांडली, आणि जे. आर. डी. टाटांनी ती उचलून धरली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी टाटा स्वतः कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. विमान 'पुस मॉथ' जातीचे, एका इंजिनाचे, कापडाने मढवलेले. जवळ बिनतारी यंत्र नाही; खाली पाहत वाट काढायची. अहमदाबादला पेट्रोल भरले. ते कसे आले होते म्हणाल, तर चार चार गॅलनच्या डब्यांतून, बैलगाडीवर लादून! दुपारी विमान जुहूला उतरले. तिथून टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

जुहूचे मैदान म्हणजे समुद्राकाठचे खाजण. पावसाळ्यात तिथे पाणीच पाणी, म्हणून ते चार महिने विमाने पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर उतरत. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी टाटांनी जुन्या धाटणीच्या छोट्या विमानातून तोच प्रवास पुन्हा केला.

पूर्ण्याहून रात्रीच्या गाडीने दादरला उतरावे, तिथून लोकलने विलेपार्ले, आणि पश्चिमेला बाहेर पडावे. विमानतळ अजून चालू आहे, पण प्रवासी विमाने नाहीत, हेलिकॉप्टरे उडतात. परवानगीवाचून आत सोडत नाहीत. कुंपणाबाहेरूनच पाहावे लागते.

गुरुजींनी सारे ऐकून घेतले. एस. टी. आली, तसे पायरीवर पाय ठेवून म्हणाले, "सर, ते बैलगाडीचं नक्की ना? मुलांना सांगतो मग."

"नक्की," मी म्हटले.