डाळ लवकर शिजते, ते पाणी चांगलं?

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरला जुनी माणसं अजून वाढोणा म्हणतात. या भागात घरोघरी पाण्याची एक पारख चालत आली आहे. डाळ लवकर शिजली, साबणाला फेस आला, हंड्याच्या आत पांढरा थर बसला नाही, की ते पाणी गोडं. डाळ शिजायला सिलिंडर संपायची वेळ आली, की ते पाणी जड.

विज्ञानाच्या प्राध्यापकाला ही पारख आवडेल, कारण ती अनुभवातून आली आहे. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम आणखी घट्ट करतं, म्हणून डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. साबणाशी संयोग पावून तेच कॅल्शियम फेसाऐवजी साका तयार करतं आणि पाणी तापवलं की भांड्याला थर होऊन चिकटतं. घरातल्या बाईने चुलीपाशी ओळखलेली ही गोष्ट रसायनशास्त्राच्या पुस्तकातही तशीच आहे.

पण या पारखीतून एक गोष्ट निसटते, ती म्हणजे फ्लोराइड. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. शिवाय कॅल्शियम आणि फ्लोराइड एकत्र आले की त्यांचं फारसं न विरघळणारं संयुग बनतं. त्यामुळे पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर फ्लोराइडला फार वाढता येत नाही. कॅल्शियम कमी, सोडियम जास्त, अशा पाण्यात मात्र ते वाढत जातं. म्हणजे डाळ पटकन शिजवणारं गोडं पाणीच अनेकदा फ्लोराइडचं निघू शकतं. सगळंच गोडं पाणी वाईट, असा याचा अर्थ नव्हे. ते तपासून घ्यावं लागतं, एवढाच अर्थ.

नांदेड जिल्ह्यात याला जमिनीचीही जोड आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या बेसॉल्टने झाकला आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. या लाव्ह्याची पूर्वेकडची कड नांदेड जिल्ह्यातच संपत येते. तेलंगणाच्या दिशेने गेलं की त्याच्याखालचा, शेकडो कोटी वर्षं जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. ग्रॅनाइटमधल्या अभ्रकासारख्या खनिजांत फ्लोराइड असतं. खडकाच्या भेगांत पाणी जितकं जास्त काळ मुरतं, तितकं फ्लोराइड त्यात उतरतं. म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरच्या पाण्यात त्याचा धोका अधिक. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की लोक जातात बोअरवरच.

फ्लोराइडची पहिली खूण दातांवर दिसते. पक्क्या दातांचं वरचं कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आतच घडत असतं. त्या वर्षांत जास्त फ्लोराइड पोटात गेलं, तर दात उगवतानाच डाग घेऊन येतात. आधी खडूसारखे पांढरे आडवे पट्टे, पुढे पिवळे, तपकिरी. अशा मुलाला “दात घासत नाहीस का?” म्हणून रागावणं अन्यायाचं आहे. डाग कवचातच असतो, ब्रशने तो जाणार कसा? वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात जात राहिलं, की मान, कंबर, गुडघे आखडू लागतात. हाडांत झालेला हा बदल मागे फिरवता येत नाही.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल, तर १.५ पर्यंत. त्यापुढे उपाय हवा, आणि इथेही घरगुती समजुती आड येतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण थोडं वाढतं. साध्या कँडलच्या फिल्टरमधूनही ते आरपार जातं. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत मात्र उपयोगी आहे. तिच्यात चुना, तुरटी आणि ब्लिचिंग पावडर घालून पाणी ढवळतात आणि निवळू देतात. पण तुरटी किती घालायची हे त्या पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारतेवर ठरतं, तिथे अंदाज चालत नाही. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पिण्यापुरतं पाणी सुरक्षित स्रोतातून किंवा नीट साठवलेल्या पावसाच्या पाण्यातून घेणं. दूध, पालेभाज्या, आवळा, लिंबू आहारात असले तर शरीराला आधार मिळतो.

हे सगळं वर्गात शिकवता येतं. दर २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून विज्ञान दिन होतो आणि टेबलावर मातीचा ज्वालामुखी धूर सोडतो. ज्यांच्या शोधासाठी हा दिवस पाळतात, त्या चंद्रशेखर वेंकट रामन यांचा प्रश्नही पाण्याचाच होता. १९२१ साली बोटीवरून जाताना भूमध्य समुद्राचा निळा रंग त्यांना आकाशाचं नुसतं प्रतिबिंब वाटला नाही. बोटीवरच त्यांनी प्रिझम लावून तो तपासला. त्या विचाराची वाट पुढे १९२८च्या ‘रामन परिणामा’च्या शोधापर्यंत गेली. आपले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. मुलं प्रश्न शोधू लागत.

हिमायतनगरच्या मुलांना प्रश्नासाठी लांब जायला नको. २०१९ पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे. त्यांना मिळणाऱ्या तपासणी-संचातली फ्लोराइडची चाचणी आठवीतल्या मुलालाही कळेल. नळीत पाणी घ्यायचं, वर थेंब टाकायचे. फ्लोराइड नसेल तर रंग लालसर गुलाबी राहतो, वाढत गेलं तसा तो पिवळ्याकडे झुकतो. सोबतच्या रंगपट्टीशी ताडून आकडा घ्यायचा आणि वहीत लिहायचा. रकाने चारच: स्रोत कुठला, खोली किती, तारीख, आकडा. विज्ञान दिनाच्या टेबलावर ज्वालामुखीच्या जागी शाळेचा हातपंप, आळीतली विहीर आणि शेतातला बोअर अशा तीन बाटल्या ठेवता येतील. मे महिन्यात पाणी खोल गेल्यावर तीच मुलं त्याच बाटल्या पुन्हा भरून आणतील आणि फेब्रुवारीच्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहितील.