ग्राहकाचे खाजगीपण

वाणसामानाचे पैसे देताना दुकानदार मोबाइलचा क्रमांक विचारतो आणि गिऱ्हाईक तो सहज सांगून टाकते. पूर्वीच्या वाण्याच्या खातेवहीत उधारीची नोंद असे. आजचा संगणक मात्र कोणी, केव्हा, काय घेतले हे सारे टिपून ठेवतो. या माहितीवर खरा अधिकार कोणाचा?

भारतात खाजगीपणाच्या प्रश्नाला घटनात्मक उत्तर मिळाले, ते बंगळुरूच्या एका वयोवृद्ध गृहस्थांमुळे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधार योजनेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. पुढे २०१८ साली न्यायालयाने आधार योजना काही मर्यादा घालून वैध ठरविली. पुट्टस्वामी २०२४ साली निवर्तले.

परंतु हक्क मिळाला म्हणजे माणूस तो जपतोच असे नाही. ग्राहक प्रत्यक्षात कसा वागतो, याचा शोध विपणनशास्त्र घेते. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेतील विपणनाच्या प्राध्यापिका कॅथरिन टकर यांचे कार्य या क्षेत्रात महत्त्वाचे मानले जाते. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. लोक काय बोलतात यापेक्षा ते काय करतात, हे पाहण्यावर त्यांच्या संशोधनाचा भर आहे.

एम. आय. टी.च्या विद्यार्थ्यांना २०१४ साली प्रत्येकी १०० डॉलर किमतीचे बिटकॉइन देण्यात आले. त्या निमित्ताने टकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांकडे मित्रांचे ई-मेल पत्ते मागितले. काहींना मित्रांसह खाण्यासाठी पिझ्झा देऊ केला. एवढ्याशा आमिषाने पत्ते देण्याचे प्रमाण वाढले. खाजगीपणाची आपल्याला फार काळजी आहे, असे सांगणारेही त्याला अपवाद ठरले नाहीत.

तर मग कडक कायदे करावेत काय? येथे टकर यांचे दुसरे संशोधन सावध करते. अमेरिकेतील ज्या राज्यांनी रुग्णांच्या माहितीवर निर्बंध घातले, तेथे रुग्णालयांनी संगणकीय नोंदी स्वीकारण्याचे प्रमाण २४ टक्क्यांहून अधिक घटले, असे त्यांना व अमालिया मिलर यांना २००९ साली आढळले. २०११ साली याच दोघींनी दाखविले की, अशा नोंदी ठेवणाऱ्या रुग्णालयांतील जन्मांत १० टक्के वाढ झाल्यास दर लाख जन्मांमागे नवजात बालकांचे १६ मृत्यू टळतात. तेव्हा गुप्तता व उपयोग या दोहोंचे मोल तोलूनच नियम करावे लागतात.

भारताच्या संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. संमती स्वेच्छेने व समजून दिलेली असावी, ती देण्याइतकेच परत घेणेही सोपे असावे, आणि हेतूला आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. यांतील शेवटची अट विशेष मोलाची होय. संमती पिझ्झाच्या मोबदल्यातही मिळू शकते. मात्र जी माहिती मुळात घेतलीच नाही, तिचा दुरुपयोग कोणालाही करता येत नाही.