पडद्यावरचे प्राणी (भाग ६) : जिंकलेला घोडा, गाळलेला घोडा

माळेगावच्या खंडोबाची यात्रा परभणीशेजारच्या नांदेड जिल्ह्यात भरते, पण तिथला घोडेबाजार बघायला पालम-गंगाखेडकडची माणसंही आवर्जून जातात. जाणकार गिऱ्हाईक आधी पाय बघतं, मग छाती, मग चाल. भावाची गोष्ट नंतर. असल्या नजरेच्या प्रेक्षकाला शर्यतीच्या घोड्यावरचा चित्रपट कितपत पटेल, या विचारानं या आठवड्यासाठी 'सेक्रेटेरिएट' निवडला.

डिस्नेचा हा २०१० सालचा चित्रपट रँडल वॉलेस यांचा. केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या अमेरिकेतल्या तिन्ही मानाच्या शर्यती १९७३ साली जिंकणारा तांबडा घोडा आणि त्याच्या मालकीणबाई पेनी चेनेरी यांची ही गोष्ट. त्याआधी २५ वर्षं हा तिहेरी मान कुठल्याच घोड्याला मिळाला नव्हता.

चित्रपटाची खरी ताकद धावण्यात आहे. कॅमेरा टापांच्या उंचीवर उतरतो, फुललेल्या नाकपुड्यांपाशी जातो, उडालेली माती आपल्या तोंडावर येते असं वाटतं. शंकेचं कारणही चित्रपट नीट समजावतो. बाप बोल्ड रूलर वेगवान, पण त्याची पिल्लं लांब पल्ल्यावर दमतात, असा लौकिक होता. म्हणून दीड मैलाच्या बेलमाँटला घोडा टिकेल का, हा प्रश्न होता. तो ३१ लांब्यांनी जिंकला, २ मिनिटं २४ सेकंदांत. मातीच्या धावपट्टीवर या अंतराचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. अशा वेळी घोडा एकटा पुरेसा होता. दिग्दर्शकानं मात्र तिथं बायबलमधलं वचन आणि भक्तिगीत आणून बसवलं. मला ते खटकलं.

त्याहून मोठी उणीव गाळलेल्या गोष्टींत आहे. केंटकी डर्बीत त्यानं प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा कमी वेळात कापला होता. घोडे शेवटाकडे मंदावतात, हा वेग वाढवत गेला. हे आकडे सांगितले असते तर प्रेक्षकाला त्याचं मोठेपण नेमकं कळलं असतं. आणि रिव्हा रिज? याच तबेल्याच्या या घोड्यानं आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, डर्बी आणि बेलमाँट जिंकली होती. प्रशिक्षक लुसियन लॉरिन तेच, जॉकी रॉन टरकॉट तोच. चित्रपटात त्याचा उल्लेखच नाही, कारण तो आला की 'बुडत्या तबेल्याला एकाच घोड्यानं तारलं' ही कथा टिकत नाही. नाट्यासाठी प्रसंग बदलणं मी समजू शकतो; एक अख्खा विजेता पुसून टाकणं मला मान्य नाही.

प्रतिस्पर्धी शॅमचंही तसंच. डर्बीत आणि प्रीकनेसमध्ये तो अडीच-अडीच लांब्यांनी दुसरा आला. दुसऱ्या कुठल्याही वर्षी तो नायक ठरला असता. चित्रपटानं त्याच्या प्रशिक्षकाला बढाईखोर खलनायक केलं आणि शॅमला त्याच्या सावलीत ढकललं. पुढे दोन्ही घोड्यांचं शवविच्छेदन एकाच पशुवैद्यानं केलं. शॅमचं हृदय १८ पौंडांचं भरलं. सेक्रेटेरिएटचं वजन केलं गेलं नाही, पण ते सुमारे २२ पौंडांचं असावं असा अंदाज त्यानं दिला. सामान्य घोड्याचं याच्या निम्म्याहूनही कमी असतं. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांना पडद्यावरच्या सगळ्या भाषणांपेक्षा हीच माहिती जास्त सांगून जाईल.

मोतद्दार एडी स्वेट यांना चित्रपटानं जागा दिली, याचं समाधान आहे. केंटकी डर्बीच्या पहाटे मोकळ्या मैदानाकडे तोंड करून ते ओरडतात, तो प्रसंग नेल्सन एलिस यांनी जीव ओतून केला आहे. पण दिवसरात्र घोड्याजवळ राहणारा हा माणूस १९९८ मध्ये हलाखीतच गेला. त्याच्या कष्टांना प्रसंग मिळाला, कथा मिळाली नाही.

धावण्याचं चित्रण म्हणून हा चित्रपट जरूर पाहावा. इतिहास म्हणून त्यावर विसंबू नये. पुढच्या भागात २००३ सालचा 'सीबिस्किट'.