डब्यातलं दगडफूल आणि पिंजऱ्यातला पोपट

तुम्ही म्हणाल, या दोघांचा संबंध काय? एक गोड्या मसाल्यात पडतं, दुसरा गॅलरीत ‘मिठू मिठू’ करतो. पण मैत्रिणींनो, दोघंही आपल्या घरी येतात ती रानातून उचलून आणलेली.

दगडफूल हे फूल नव्हेच. दगडाइतकंच ते झाडाच्या सालीवरही वाढतं. निवडताना सालीचे तुकडे निघतात ते त्यामुळंच. खरं तर तो दोघांचा संसार आहे. बुरशी घर देते, ओल धरून ठेवते. शेवाळ उन्हाच्या मदतीनं अन्न तयार करतं. १८६७ साली सिमोन श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञानं हे सांगितलं, तेव्हा भल्याभल्या पंडितांना ते पटलं नाही! हा संसार वाढतो मात्र फार हळू, वर्षाकाठी काही मिलिमीटर. मुळं नाहीत, त्यामुळं सारं काही हवेतून आणि पावसातून घ्यायचं. हवेत धूर वाढला की बिचारं टिकत नाही. तेव्हा मसाल्याला चार पाकळ्या पुरेत. नुसत्याला फारसा वास नसतो. थोड्या तेलावर कुरकुरीत परतलं की घमघमाट सुटतो.

पोपटाचं उलट. त्याला शहर मानवतं. आपल्या या हिरव्या पोपटाचे थवे आज लंडनच्या बागांतही दिसतात. त्याचाही जोडीचा संसार असतो, झाडाच्या ढोलीत. नराच्या गळ्याला काळा-गुलाबी कंठ असतो. मादीला नसतो, कोवळ्या पिलालाही नसतो. म्हणजे तुमचा मिठू ही मिठूबाईही असू शकेल!

हिवाळा सरता सरता ढोलीत पिलं होतात आणि नेमकी तेव्हाच ती काढून विकायला आणतात. मुलं हट्ट धरतात, आपणही विरघळतो. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडचा पोपट पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. ‘आमच्याकडे सगळेच पाळतात’ हे उत्तर तिथं चालत नाही. दगडफूल खुडलं तर निदान ते ओरडत नाही. ढोलीपाशी आलेले आईबाप कसा कालवा करतात, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारा.

घरात पोपट असेलच, तर पिंजऱ्याचं दार उघडून मोकळे होऊ नका. आयता पेरू खाल्लेल्या पक्ष्याला दाणा शोधता येत नाही, मांजर-कावळे टपलेले असतातच. महाराष्ट्रात वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.