तीनशे पानांची शिस्त

सुरतेच्या लिंबायत-उधना पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी घरं भरपूर आहेत. महापालिका तिथे मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. अशा घरातली मुलगी वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात पीएच.डी.पर्यंत पोचते, तेव्हा तिच्या मदतीला सहसा घरातलं कुणी नसतं. संशोधन ती जिद्दीने करते. जीव मेटाकुटीला येतो तो शेवटच्या पंधरवड्यात. अनुक्रमणिकेतले पानक्रमांक चुकतात, तक्ते सरकतात, मार्गदर्शकांनी एक उपप्रकरण वर न्यायला सांगितलं की पुढचे सगळे आकडे बदलावे लागतात. अनेकजण मग टायपिंगवाल्याला पैसे मोजतात.

खरं दुखणं पहिल्या पानापासूनच असतं. प्रकरणाचं नाव निवडायचं, 'बोल्ड' करायचं, आकार वाढवायचा, अशी आपल्याला सवय. वाचणाऱ्याला तो मथळा दिसतो, पण वर्डच्या लेखी ती जाड अक्षरांची एक ओळ असते. ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल, आल्ट आणि १ दाबा. 'हेडिंग १' ही स्टाइल लागते आणि हे प्रकरणाचं नाव आहे, हे संगणकाला कळतं. उपप्रकरणाला २, त्याखालच्या मुद्द्याला ३. सुरतेच्या जॅकार्ड मागावर पंचकार्ड बदललं की साडीभर बुट्टी बदलते, तसं स्टाइलमध्ये एकदा फेरफार केला की तीनशे पानांतले सगळे मथळे बदलतात.

आता 'व्ह्यू'मधून 'नॅव्हिगेशन पेन' उघडा. डावीकडे प्रबंधाचा सांगाडा उभा राहतो. त्यातला मथळा माऊसने ओढून वर नेला की त्याखालचा मजकूर, तक्ते, तळटिपा सगळं सोबत जातं आणि तळटिपांचे क्रमांक आपोआप नव्याने लागतात. तक्त्यांचे क्रमांक 'इन्सर्ट कॅप्शन'ने दिले आणि 'तक्ता ४ पाहा' हा उल्लेख 'क्रॉस-रेफरन्स'ने घातला, तर सगळा मजकूर निवडून एफ९ दाबलं की तेही जुळतात. हेडिंगवरून वर्डनेच तयार केलेली अनुक्रमणिकाही तशीच ताजी होते.

ही सोय नसतानाच्या कष्टांचा विचार सुरतेत हमखास मनात येतो. मराठीचं व्याकरण १८३६ मध्ये छापणारे दादोबा पांडुरंग याच शहरात शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजींसोबत त्यांनी १८४४ मध्ये इथेच मानवधर्म सभा काढली. विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या कवी नर्मदांनी 'नर्मकोश' हा मोठा गुजराती शब्दकोश १८७३ मध्ये प्रसिद्ध केला. अशा ग्रंथांतला शब्द न् शब्द हाताने लावायचा, हातानेच तपासायचा. त्या मेहनतीबद्दल मला अपार आदर आहे. म्हणूनच हाताशी साधन असताना आजच्या विद्यार्थिनीने रात्र रात्र आकडे खोडत बसावं, हे मला पटत नाही.

देवनागरीत लिहिणाऱ्यांची एक अडचण हमखास नजरेतून सुटते. वर्डमध्ये देवनागरीची गणना 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'मध्ये होते आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळ्या चौकटीत ठरतो. रोमन अक्षरांच्या चौकटीत १४ केलं तरी मराठी मथळा हलत नाही, आणि माणूस स्टाइललाच नावं ठेवतो. दुसरं म्हणजे कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा. तो दिसतो देवनागरी, पण शोधायला गेलात तर सापडत नाही.

प्रमाणपत्र आणि ऋणनिर्देशाच्या पानांना रोमन आकडे, पहिल्या प्रकरणापासून १, असं हवं असेल तर मध्ये 'सेक्शन ब्रेक' घाला, नव्या भागाच्या तळपट्टीत 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करा आणि मग क्रमांक १ पासून सुरू करा. रुंद तक्त्यासाठी एखादंच पान आडवं करायचं तरी हाच उपाय, फक्त ब्रेक त्या पानाच्या आधी आणि नंतर असे दोन लागतात. प्रकरणांच्या वेगवेगळ्या फायली 'मास्टर डॉक्युमेंट'ने जोडायची सोयही वर्डमध्ये आहे, पण तिच्या नादी लागू नये असं माझं मत आहे. तीनशे पानं एका फायलीत सहज मावतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध डिजिटल रूपात द्यावे लागू लागले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या 'शोधगंगा' संकेतस्थळावर ते प्रकरणवार वाचायला मिळतात. त्यामुळे पीडीएफ करताना 'सेव्ह अ‍ॅज'मधून जा आणि पर्यायांत हेडिंगवरून बुकमार्क तयार करण्याच्या चौकटीवर खूण करा. 'प्रिंट'मधून काढलेल्या पीडीएफमध्ये हे बुकमार्क येत नाहीत.